डबे रद्द होईनात, त्या मोहिमेची बखर

श्रीकृपा असो, वीजकृपाही असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, ज्येष्ठ वद्य पंचमी, सोमवारी जे घडले ते पुसणारांस सांगावे म्हणोन लिहिले ऐसे. एक राज्य होते आणि कचेऱ्यांस जेवणाचे डबे पोचवावे हेच त्याचे काम. लोकांनी ॲपातून मागणे धाडावे आणि ते मागणे जासूद होऊन सर्वरचे वेशीवर यावे आणि तेथे राऊटर नामे द्वारपाल, त्याने हातातील यादी वरून खाली वाचावी आणि जो नियम प्रथम लागू पडेल त्याचे दालनी जासुदास लोटावे, पुढील वाचू नये. मग ऐसे जाहले की 'डबा रद्द करा' म्हणोन जो जासूद जाई तो कपाळी चारशे चार, म्हणजे 'येथे काही सापडत नाही', हा शिक्का घेऊन माघारा येई. आणि बारा वाजता गिऱ्हाईक राज्याचे वजीर पाहणीस येणार. हेरंब दाणी नामे नवा प्रोग्रॅमर, त्याची उमेदवारी तेच दिवशी सरत होती, त्यास हुजुरांनी बजाविले, "पाहणी फत्ते तर नोकरी कायम. नाहीतर गाशा गुंडाळ."

मग मसलत बैसली. प्रथम सर्वर बंद करोन चालू केला, हा या दौलतीचा कुळाचार. काही न जाहले. मग तपासणीखात्याच्या वैजयंतीबाई खांबेटे बोलिल्या, "पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ राहिली असेल, बघ." रेघ पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पुसली. मग लिंबूमिरची बांधावी ऐसे ठरले, परंतु सर्वर बेंगलोरास, म्हणोन लिंबूमिरचीचा फोटो धाडिला. मग हेरंबाने दालनोदालनी 'आलो' छापणारी ओळ ठेविली आणि जासूद सोडिला, तो 'आलो' उमटले सर्वोत्तमपंत केळुसकरांचे दालनी! पंत दौलतीतील सर्वांत जुने. त्यांचा नियम ऐसा की डब्यासाठी कोणीही येवो, मजकडे आणावा, मी नंबर पाहोन डबा दाखवितो. आणि राज्याची रीत ऐसी की यादीत नियम नोकरीच्या ज्येष्ठतेने लिहावे. म्हणोन पंत शिरी, आणि रद्दवाला जासूदही पंतांपुढेच उभा राही, आणि त्याजपाशी नंबर नाही म्हणोन शिक्का खाई.

उपाय एका ओळीचा, पंतांस तळी न्यावे. परंतु बोलावे कोणी? साडेअकरा जाहले, मग हेरंबच गेला.

"पंत, तुमचा नियम जरा खाली घेतो."

"खाली? एकोणीस वर्षं झाली मला इथं. तू तेव्हा चड्डी उलटी घालत होतास."

"पण पंत, वरातीत पुढे कोण असतं?"

"बँडवाले."

"आणि नवरदेव?"

"मागं, घोड्यावर." पंतांनी यादी आपणांकडे ओढिली. "म्हणजे इतकी वर्षं मी बँडवाल्यांत होतो होय रे?" आणि स्वहस्ते आपला नियम तळी नेते जाहले.

यादीत पंतांखालोखाल वैजयंतीबाईंचा तपासणीचा नियम, तो आता शिरी आला. हे ऐकोन बाई खवळल्या, "मग मी का वर? मलाही मागं घे!"

"बाई, करवली पुढंच मिरवते," हेरंब बोलिला, आणि बाई शांत जाहल्या.

मग बारा वाजता वजीर आले. पाहणीस खरे डबे हवे म्हणोन दौलतीने स्वतःचेच दुपारचे डबे मांडिले होते. वजिरांनी एक रद्द केला, जाहला. दुसरा केला, जाहला. वजिरांस मौज वाटली आणि त्यांनी उरले तेही रद्द केले, आणि लिफ्टपर्यंत आलेले बासष्ट डबे माघारी फिरले. वजीर करारावर सही करोन जेवावयास आपले मुलुखी गेले. हुजूर हेरंबास बोलिले, "कायम केलं तुला. बिस्किटं आहेत का रे?"

सारांश, द्वारपाल निर्दोष, पंत तळी परंतु संतुष्ट, हेरंब कायम, आणि राज्य उपाशी. ऐसी फत्ते जाहली.