हात थांबला की चूक

बातमी आली तेव्हा मी दुसरा मोजा शोधत होतो. दारात शेजारच्या वहिनी, मागे त्यांची नववीतली मुलगी. गणितात नापास. आठ दिवसांनी फेरपरीक्षा; तीही गेली तर पुन्हा नववी.

"तुमच्याकडे शिकायला यायची तेव्हा बरी होती हो," वहिनी म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. माझ्या बायकोला जाऊन चार महिने झाले होते. ती शांतता मला सोसेना, म्हणून मी म्हणालो, "पाठवा. मी शिकवतो."

(शाळेत मी गणितात पस्तिसाच्या वर कधी गेलो नाही. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.)

मी पडलो आवक-जावक कारकून. मला एकच पद्धत येते. रजिस्टर आखलं. प्रत्येक गणिताला क्रमांक, तारीख, विषय, शेरा. पोरगी निमूटपणे लिहीत राहिली. सहाव्या दिवशी पाहिलं, तर एकशेचाळीस गणितांची नोंद झाली होती आणि सुटली होती तीन. मी रजिस्टर मिटलं.

"काका, रागावणार नाही ना? काकू असं नव्हत्या करत."

"मग काय करायची ती?"

"काही नाही. भाजी निवडायच्या. मी मोठ्याने बोलत गणित सोडवायचे. चुकलं की त्यांचा हात थांबायचा. बस."

पंचवीस वर्षं मी त्या हातची भाजी खाल्ली. हे मला ठाऊक नव्हतं.

मी पालेभाजीची जुडी घेऊन बसलो. दुसऱ्याच ओळीला माझा हात थांबला. तिने पहिल्यापासून सांगितलं. हात पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा ती वैतागली.

"काका, बरोबर आहे हे! कुठे चुकलं, दाखवा."

"चुकलं नाही गं. मला कळलं नाही."

"अहो, एक्स इकडे आणला की..."

दोन दिवस हेच चाललं. (देठं ताटात आणि पानं केरात जाताहेत, हेही तिनेच दाखवलं.)

परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात तीन पत्रं भलत्याच खात्यांत धाडली.

निकाल लागला. एकसष्ट. वहिनी म्हणाल्या, "भारी कडक हो तुम्ही! एकेक गणित तीनतीनदा समजावून घेता म्हणे." मी गंभीरपणे मान हलवली.

वहिनी गेल्या. पोरगी मागे रेंगाळली. "काका, तुमचा पाया फार कच्चा आहे," म्हणाली, आणि कागदावर पाच गणितं लिहून दिली. "सोपीच आहेत. रविवारी तपासते."

आज शनिवार. पाचांपैकी एकही सुटलेलं नाही.