आडवी मान, उभी मान

घानाहून नवी संशोधक एफुआ येणार म्हणताच बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या विरजण-संशोधन संस्थेत प्रमुख रालित्साबाईंनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "पोरगी एवढ्या लांबून येतेय. तिला परकं वाटता कामा नये. आपल्यात आडवी मान म्हणजे हो, उभी म्हणजे नाही. तिच्याकडे बरोबर उलटं. तेव्हा सोमवारपासून मान तिच्यासारखी हलवायची!"

"बाई, साठीला आलेली मान आता कुठली ऐकतेय?" त्यांचा जुना सहकारी ओग्न्यान कुरकुरला.

"ऐकायलाच लावायची!"

तिकडे एफुआ विमानात बसल्याबसल्या बल्गेरियन मान शिकत होती. शेजारचा प्रवासी पार बावचळला.

आठवडाभरातच घोळ झाला. एफुआ काचेच्या बंद खोलीत काम करत होती. आतलं बाहेर ऐकू येत नसे, बाहेरचं आत. तिने फळीवरच्या जुनाट बरण्या उचलल्या, वाफेच्या यंत्राकडे बोट केलं आणि भुवया उडवल्या. या उकळून टाकू?

काचेबाहेर रालित्साबाई पुढे सरसावल्या. तरुणपणी डोंगरातल्या गावागावांत म्हाताऱ्यांच्या विनवण्या करून जमवलेली विरजणं होती ती! त्यांनी ठरल्याप्रमाणे मान आडवी हलवली. नाही!

एफुआला ते 'हो' दिसलं. तिने बरण्या यंत्रात ठेवल्या. बाईंनी मान आणखी जोरात आडवी हलवली. 'काय घाई ही बाईंना!' म्हणत एफुआने झाकण लावलं. घाबरून बाईंची मान जन्माच्या सवयीने उभी हलली. एफुआ थबकली.

'अगं बाई, मी तर तिच्या पद्धतीचं हो म्हणाले!' बाईंनी तत्काळ चूक सुधारली. मान पुन्हा आडवी. एफुआने बटण दाबलं.

ओग्न्यानने धावत आत जाऊन प्लग उपटला, म्हणून विरजणं वाचली.

"मी तुमच्यासारखं समजत होते," एफुआ रडवेली झाली.

"आणि आम्ही तुझ्यासारखं हलवत होतो गं!"

"पुरे आता," ओग्न्यान म्हणाला. "ज्याने त्याने आपली मान आपल्या पद्धतीने हलवावी."

सगळ्यांना पटलं. दुपारी बाई चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन एफुआकडे गेल्या. तिने पहिला मोठा घास घेतला, तोच बाईंनी विचारलं, "रागावलीस का माझ्यावर?"

एफुआने आपल्या पद्धतीने मान आडवी हलवली. सवयीने बाईंना ते 'हो' वाटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माफ कर गं. पण म्हणून आम्हाला सोडून जाणार की काय?"

एफुआने घाबरून दुप्पट जोरात मान हलवली. बाईंचे डोळे भरून आले. "लगेच?"

कसाबसा घास गिळून एफुआने बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "बाई, नाही! नाही!"

"नाही काय, पोरी?" बाईंनी नाक ओढलं. "रागावली नाहीस, की राहणार नाहीस?"