गायकवाड मामांची तसल्ली

मशीनला काम लावायचं आणि तेच काम पुन्हा स्वतः करायचं, असा माणूस आमच्या शिरूर अनंतपाळात एकच. गायकवाड मामा.

मामांची सगळी नोकरी एका बसस्टँडच्या चौकशी खिडकीत गेली. रिटायर झाल्यावर भाच्याकडून एआय शिकले. आता गिऱ्हाइकाचा मेसेज आला की दुकानाच्या वतीनं एआय उत्तर देतं. पिठाची गिरणी, टेलर आणि माझं खत-औषधांचं दुकान, तिघांचंही काम मामांकडं. महिन्याचे पैसे ठरलेले. पण उत्तर गेलं रे गेलं की गिऱ्हाइकाला मामांचा फोन. "काय सांगितलं त्यानं? समजलं का? तसल्ली झाली का?"

एकदा मशीननं कुणाला तरी पँट तयार असल्याचं कळवलं. मामा टेलरकडं गेले, पँट उलटीसुलटी करून पाहिली आणि मग गिऱ्हाइकाला फोन लावला.

मी म्हणालो, "मामा, मग मशीन ठेवलं कशाला?"

"ते लई ठाम बोलतंय, माधवराव. ठाम बोलणाऱ्याचं मला भ्या वाटतं."

मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. सोयाबीन फवारणीच्या दिवसांत एका सकाळी मात्र मामा पांढरेफटक पडून दुकानात आले. दोन्ही हातांत एकेक टोपण. एक छोट्या बाटलीचं, दुसरं मोठ्या डब्याचं.

"सरूबाईनं इचारलं, पंपाला तणनाशक किती टोपण? त्यानं सांगितलं चार. हे छोटं धरून. तिनं छोटी बाटली नेली का मोठा डबा?"

 मोठा डबा मीच दिला होता. चार मोठी टोपणं पंपात पडली तर तणाबरोबर सोयाबीनही करपणार. सरूबाईला माणूस नाही, दोन एकरांवर तिचं वर्ष. आणि उत्तर गेलं होतं माझ्या दुकानाच्या नावानं.

मामांनी पुन्हा फोन लावला. लागेना. सकाळपासून लागत नव्हता.

मी मोटारसायकल काढली. वाटेत कुणाच्या पाठीवर पंप दिसला की मी गाडी आणखी पळवायचो. मागं मामा माझा खांदा धरून बसले होते.  

सरूबाई बांधावरच्या बाभळीखाली बसली होती. पंप शेजारी, डबा शेजारी. डब्याचं सील तसंच होतं.

"फवारलं न्हाई?" मामांनी विचारलं.

"तुमचा फोन कुठं आला?" ती म्हणाली. "इथं झाडाखाली कवा कवा रेंज येती, म्हणून बसले. तुमी इचारल्याबिगर म्या डबा उघडत न्हाई."

 मामांनी मापाच्या पेल्यानं औषध मोजलं, दोनदा. तिच्याकडूनही एकदा मोजून घेतलं.

 परतताना ते म्हणाले, "खिडकीत असताना एका पोरीला गाडीची येळ चुकीची सांगितली. ठाम सांगितली. परीक्षा होती तिची. गाडी निघून गेली. माझ्या ध्यानात आलं तवा ती फलाटावर नव्हती."

मी गाडी हळू केली.

"म्या सगळ्या स्टँडवर हुडकलं तिला," मामा म्हणाले. "फोन करावा, तर नंबर नव्हता माझ्याकडं."