मिलिमीटरवाले वैरागडे

डॉ. गुणवंत वैरागडे यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, सहा इंची स्टीलची पट्टी असते. आमच्या सक्करदऱ्यातल्या टपरीवर त्यांनी एकदा सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, जाडी मोजली आणि टपरीवाल्याला भर गर्दीत सुनावलं, "मागच्या मंगळवारी तीन मिलिमीटर जास्त होती गा." तो बिचारा हातातला झारा तसाच धरून बघत राहिला.

असा माणूस आठवड्यातून तीन दिवस माझ्या नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी करतो. मागच्या जन्मीची पापं, दुसरं काय!

मी एकतीस वर्षं बाळंतपणं करते आहे. दिवस भरून गेले तरी कळा येईनात, तर औषध देऊन आणाव्या लागतात. ते औषध लागू पडेल की शेवटी सिझेरियन करावं लागेल, हे मी दोन बोटांनी तपासून सांगते. वैरागड्यांना ते मंजूर नाही. त्यांना गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मशीनवर मोजायची असते. लांबी कमी तर काम सोपं, जास्त तर अवघड. शिवाय बाळ कुठल्या बाजूला तोंड करून आहे, तेही बघायचं. "बोटाले डोळे रायते का मॅडम?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "मग तुमच्या मशीनला अक्कल असते का?" हे माझं.

बरं, मोजून गप्प बसतील तर शपथ! रिपोर्ट घेऊन स्वतः बाहेर येणार, बाईच्या सासूला हुडकून काढणार आणि बाकावर शेजारी बसून आकडा समजावणार. नवऱ्याला नाही, सासूलाच. 'मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही' अशा ठळक पाटीखाली हा गृहस्थ सासवांच्या कानाशी लागलेला पाहून मला नको ती शंका यायची. शेवटी मी सिस्टरला मागे उभं राहून ऐकायला पाठवलं. ती हसतच परत आली. "काही नाही मॅडम, सर पट्टीवर बोट ठेवून लांबी दाखवून राहिले."

गेल्या महिन्यात कामठीची सुषमा आली. पहिलटकरीण, तारीख उलटून गेलेली. माझी बोटं म्हणाली, सहज होईल. वैरागड्यांची मशीन म्हणाली, चौतीस मिलिमीटर, आणि बाळाची पाठ आईच्या पाठीकडे; म्हणजे दोन्हीकडून अवघड.

"औषध देऊन पाहा मॅडम, पण मले काही जमन असं वाटत नाही. घरच्यायले आधीच सांगून ठेवा."

मी कशाला सांगते? त्यांचा आकडा म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, पूर्वी चुकलेलाही होता. औषध दिलं. एक दिवस गेला, दुसरा उजाडला; कळा आल्या, पण गर्भाशयाचं तोंड उघडेना. मी तपासायला गेले की सुषमा अंग चोरायची. मी वैतागले. तिची सासू दारातच उभी होती. तिच्यादेखत बोलले, "आखडून घेतेस म्हणून होत नाही. जरा कळा सोसायला शिक."

दुपारी सिझेरियन करावं लागलं. बाळ ठणठणीत होतं.

संध्याकाळी राउंडला गेले, तर वैरागडे माझ्या आधीच वॉर्डाच्या दारात पोचलेले. आत सासू सुषमाला ऐकवत होती, "आम्ही चार-चार बाळंतपणं घरीच केली वं. तुले कळ सोसवली नाही, म्हणून पोट फाडा लागलं. मॅडमच म्हणे ना."

वैरागडे तडक आत गेले. रिपोर्टचा कागद सासूपुढे धरला. "मावशी, हे माप औषध द्याच्या आधीचं आहे. तवा हिले एकही कळ नव्हती. दारच उघडत नव्हतं, तं पोरगी काय करन?"

सासूने पदर तोंडाला लावला. सुषमा भिंतीकडे वळून रडत होती.

मी वैरागड्यांना केबिनमध्ये बोलावलं. मनातून ओशाळले होते, पण जित्याची खोड! म्हणाले, "आता सासवांचे वर्गही घेता वाटतं?"

"आमच्या हिचंही असंच झालं होतं," ते म्हणाले. "दोन दिवस तडफडली अन् मंग सिझेरियन. तवा कोणी मोजलं नव्हतं. माय म्हणे, हिनं कळ सोसली नाही. हिनं माह्याकडे पाहिलं. मी डॉक्टर होतो मॅडम. मीही तेच म्हटलं."

मी विचारलं, "मग माफी मागितली की नाही?"

"मागतली ना. बावीस वर्षं झाले. पोरगा कॉलेजात आहे. पण त्याच्या वाढदिवसाले ओवाळताना ही अजूनही म्हणते, 'तुले तं मले धड जन्मही देता नाही आला.' हसून म्हणते."

ते गेल्यावर मी पुन्हा वॉर्डात गेले. सासू खाटेशी बसली होती. ती उठून बाहेर जायला लागली, तर मी तिला थांबवलं. तिच्यादेखत बोलले होते, ते तिच्यादेखतच परत घ्यायला हवं होतं.

"सुषमा, तू कुठेही कमी पडली नाहीस," मी म्हणाले. "मी चुकीचं बोलले."