जिन्यातली वीज

ज्या वर्षी बशंदीच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी त्यानं न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवायला घेतला. कारण त्याची आई. तौहीदाबाईंना दमा होता, आणि अत्तारीन मोहल्ल्यातल्या त्या जुन्या इमारतीत न्हाणीघराची खिडकी म्हणजे भिंतीतलं वीतभर भोक. अंघोळीला गेल्या की वाफेनं जीव घाबरा व्हायचा. धाकट्या भावाचा, सबरीचा, तांता शहरातून फोन आला, "शुक्रवारी नमाज झाली की येतो आणि आईला घेऊन जातो. माझ्याकडे चांगली मोठी खिडकी आहे."

"खिडकीपायी माझी आई जाणार?" बशंदी म्हणाला आणि गुरुवारी सकाळीच पंखा घेऊन आला. भोकाजवळ कापडात गुंडाळलेली एक जुनी वायर लोंबत होती. कुठून येते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्या वायरमन गिरगिस उस्तादला बोलवा," बायको इहसान म्हणाली.

"एवढ्याशा कामाला? रेडिओ कुणी दुरुस्त केला होता?"

"तो अजून मुका आहे."

बशंदीनं घरचा मेन स्विच पाडला. टेस्टर लावला, वायर थंड. दोन्ही टोकं हातात धरली आणि दुसऱ्याच क्षणी तो स्टुलावरून टबात बसला.

"इहसान! मेन बंद आहे आणि वायरीत वीज आहे!"

इहसाननं टेस्टर लावून पाहिला. "काही नाही यात."

"मग मी काय हौसेनं ओरडलो?"

दारातून तौहीदाबाई म्हणाल्या, "दस्तूर म्हणालास का आत जाताना?" मोरीतल्या जिनांची परवानगी मागितल्याशिवाय त्या तिथं पाऊल टाकत नसत. "नाहीच म्हणाला असशील. चिडलेत ते. आता मी त्या खोलीत जायची नाही. सुने, माझी बॅग काढ."

बशंदी धावतच गिरगिस उस्तादला घेऊन आला. उस्तादनं टेस्टर लावला, तो पेटला. "आहे की वीज." बोलेपर्यंत विझला. "गेली." थोड्या वेळानं पुन्हा पेटला.

"पाहिलंत?" तौहीदाबाई म्हणाल्या. गिरगिसनं छातीवर क्रूसाची खूण केली. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि त्यानं कान टवकारले. टेस्टर बशंदीच्या हातात देऊन तो जिन्यात गेला, दिव्याचं बटण दाबलं आणि ओरडला, "पेटला?"

"पेटला!"

जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागायचा आणि जरा वेळानं आपोआप विझायचा. जुन्या काळी कुणीतरी त्याच्या लाइनवरूनच ही वायर आत ओढली होती.

"मेन पाडला तो तुमच्या घरचा. वायर तुमच्या घरची नाहीच," गिरगिस म्हणाला. "तुम्ही ती धरलीत आणि कुणीतरी जिना चढलं. ही तोडून टाकायची. तुमच्या बोर्डावरून नवीन लाइन, तिला वेगळा फ्यूज, अर्थिंग, आणि स्विच दाराबाहेर. उद्या संध्याकाळ होईल."

"सबरी दुपारी येतोय!"

"येऊ द्या. ओल्या खोलीत मी घाई करत नाही."

या आरडाओरड्यानं दारं उघडली. चौथ्या मजल्यावरची हुसामची आई मासळीची पिशवी घेऊन उभी होती. सकाळी जिना चढणारी तीच. "म्हणजे जिन्याच्या दिव्याला आम्ही देतो त्या वर्गणीतून यांचा दिवा?"

"दिवा कुठला हो? मला शॉक बसला!"

"शॉकसुद्धा आमच्याच पैशाचा!"

शुक्रवारी नमाजेनंतर सगळी इमारत बशंदीच्या बैठकीत जमली. आत गिरगिसचा ड्रिल, बाहेर भांडण. बशंदी एकदा न्हाणीघरात डोकावायचा, एकदा रस्त्यावर. सबरी आला तेव्हा तौहीदाबाई मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाल लाल, आवाज खणखणीत.

"हुसामच्या आई, तुझं वॉशिंग मशीन कुठल्या विजेवर चालतं, ते आधी सांग!"

"आई, गाडी खाली उभी आहे," सबरी म्हणाला.

"उभी राहू दे. याचा निकाल लागल्याशिवाय मी हलत नाही."

"तुझा दमा?"

"मला सवड कुठाय? तुझ्याकडे खिडकी आहे रे, पण भांडायला कुणी येतं का?" मग इहसानकडे वळून, "सगळ्यांना चहा ठेव. हिलासुद्धा."

संध्याकाळी पंखा फिरू लागला. कुणी पाहायला उठलं नाही. सबरी चार चहा पिऊन एकटाच परत गेला.

निकाल काही लागला नाही. त्यानंतर तिसऱ्या वर्षी, रमजान ईदच्या पुढच्या आठवड्यात, तौहीदाबाई बशंदीच्या घरी वारल्या.