केबिन उचलायच्या आधी

अमरावतीहून परतवाड्याकडं जाताना डाव्या हाताले ट्रकचं जे गॅरेज लागते, ते माहं. गाडी दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून तिची बिमारी सांगतो आपण. साऱ्या रोडवर विचारा, मनोज मिस्त्रीचा कान कसा आहे ते!

म्हणून तर पंजाबराव काकाजी मुलगा पाहाले घरी न येता थेट गॅरेजवर येतो म्हणाले, तवा मी खुश झालो. काकाजी संत्र्याचे बागाईतदार. त्यांची गीतांजली मले पसंत, मी तिले पसंत, अडलं होतं ते काकाजीच्या 'हो' साठी. "पोराचं काम पाहाव, पोहे काय खाऊन पाहाचे?" असं म्हणत त्यांनी कितीक पोरं वापस धाडली होती.

ठरल्या दिवशी दुपारी त्यांचा दहाचाकी ट्रक आला. ड्रायव्हर नितेश उतरला, "इंजिन गरम होऊन राहिलं," म्हणाला आन् समोर चहाच्या टपरीवर गेला. बाजूची शीट तर रिकामी. म्हटलं, काकाजी आधीच तिकडं गेले असतीन. ते येईपर्यंत इंजिन उघडं करून ठेवू, मंग पाहा आपला रुबाब.

या ट्रकचं इंजिन केबिनीखाली असते. दांड्यानं पंप मारला का अख्खी केबिन पुढं वाकते. म्हणून आमचा नेम आहे, आधी आत डोकावून आवाज द्याचा, डॅशबोर्डवरचा देव खाली काढाचा, मंगच पंपाले हात लावाचा. कारागिरांले हे मी रोज घोकून सांगतो. त्या दिवशी म्हटलं, आज राहू दे.

पंप मारला. आत काहीतरी धाडकन घसरलं. पान्याची पेटी असंन. मंग "आँऽऽ" असा आवाज आला. मी कान टवकारले. बिजागरी सुकली! भरपूर ग्रीस भरलं आन् केबिन जोरानं पुरी उचलली, तर आवाज आखीन वाढला. ग्रीसच डुप्लिकेट निघालं म्हणून मी दुकानदाराले शिव्या घातल्या.

तेवढ्यात गीतांजलीचा फोन आला. "बाबा काय म्हणून राहिले?"

"चहाले गेले."

"बाबा कुठी चहा पितेत? या टायमाले झोपतेत ते. शीटमांगं फळी आहे ना, तिच्यावर."

पुढं जाऊन पाहतो, तर आतून काचीवर, गणपतीच्या बाजूले, काकाजी पालथे. नाक काचीले चिकटलेलं, डोये माह्यावर रोखलेले.

"नमस्कार, काकाजी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणाव माणसानं?

केबिन हळूहळू खाली घेतली. देवाची कृपा, हातपाय धड होते, नाक तेवढं लाल झालं होतं. माह्या जिवात जीव आला.

"आवाज नाही आला का तुले?" काकाजीनं विचारलं.

"आला ना. मले वाटलं बिजागरी आहे."

काकाजीनं पोरीले फोन लावला. "काहून वं, हा असाच आहे का नेहमी?" तिनं तिकडून काय सांगितलं देव जाणे, पण काकाजी पोट धरून हसले.

"पोरगी देतो तुले," ते म्हणाले. मले तर रडूच आलं. पाया पडलो. उठतो तं काकाजी गाडीत चढून राहिले.

"नितेश, थंड झालं इंजिन. पुढच्या चंद्रभान मिस्त्रीकडं घे."

"काकाजी, पोरगी देता आन् गाडी नाही देत?"

"पोरीले अक्कल आहे, ती सांभाळून घेईन तुले. गाडीले कोठची आली अक्कल?"

लग्नाले साल झालं. सासऱ्याची गाडी गॅरेजसमोरून जाताना हॉर्न वाजवते, थांबत नाही. काकाजी शीटवर ताठ बसलेले असतेत. झोपाचं त्यांनी सोडलं म्हणते गीतांजली.