खोलीमागे एक बादली

हिंजवडीत खोली शोधत मी शेवंतामावशींच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. "घरी रांधतोस का हाटेलात गिळतोस?" एवढंच विचारलं. रांधतो म्हटल्यावर हातात झाकणाची एक प्लॅस्टिकची बादली दिली. तिच्यावर तेलरंगाने पाचचा आकडा काढलेला होता.

"सालं, देठं, चहापत्ती, अंड्याची टरफलं, समदं हिच्यात. रोज सकाळी सातला गोठ्याम्होरं आनून ठिवायची. भाडं दोन दिस मागंपुढं झालं तर चालंल. बादली न्हाई चालायची."

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. चहूकडच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांच्या मधोमध मावशींचं दीड एकर होतं तसंच होतं. दोन गावरान गाई, चार शेळ्या, वीसेक कोंबड्या आणि बांधालगत आम्हा सॉफ्टवेअर कंपनीवाल्यांच्या सहा खोल्या. मावशींच्या लेखी आम्हीही जनावरांतच मोडत होतो. दूध देत नाही, अंडी देत नाही, तर निदान सालं तरी द्या, असा त्यांचा सरळ व्यवहार होता.

आमची सालं आधी शेळ्यांकडे जायची. शेळ्यांनी नाक मुरडलेलं कोंबड्यांकडे, आणि कोंबड्यांनी सोडलेलं शेणाबरोबर खड्ड्यात, तिथून परत मातीत. बाहेरून मीठ-तेल सोडलं तर फारसं काही यायचं नाही. कोंबड्यांचं खुराडं जुन्या सायकलींच्या चाकांवर बसवलेलं होतं. ते रोज सकाळी चार हात पुढे ढकलायचं, म्हणजे कोंबड्या नव्या जागी किडे उकरणार, खत टाकणार, आणि मागे गवत तरारून येणार. खुराड्यात अंथरायला एका कंपनीतून मशीनने फाडलेल्या कागदांच्या पट्ट्या पोत्यांनी यायच्या. एकदा एका अंड्याला चिकटलेल्या पट्टीवर मला इंग्रजीत 'गोपनीय' असं छापलेलं वाचता आलं.

"माती उघडी ठिवू न्हाई आन उपाशी ठिवू न्हाई," हे त्यांचं पालुपद. कुठे उघडी माती दिसली की पदर सारखा करावा तसा त्या तिच्यावर पाचोळा ओढून घ्यायच्या.

पण खरा सोहळा सकाळी सातचा. मावशी पाटावर बसून एकेका बादलीचं झाकण उघडायच्या आणि आम्ही निकालाला उभे राहिल्यासारखे उभे राहायचो. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. कोण काय काम करतो ते राहायचं.

"ए जावा, तीन दिस नुसती पपई? पोट बिघडलं का?"

"ए बँकिंग, एवढी वांगी कुनी चिरली? सासू आली व्हय?"

सासू आली होती. मी कंपनीत चुका शोधायचा पगार घेत होतो, पण मावशींच्या पासंगालाही पुरलो नसतो. मला त्या 'टेस्टिंग' म्हणायच्या.

तपासणी झाली की साडेसातला समोरच्या टॉवरचा कचरा न्यायला ट्रॅक्टर यायचा. मावशी हातातलं काम टाकून बांधावर जायच्या आणि तो भरून निघेपर्यंत बघत राहायच्या. "सोनं चाललं बघ," म्हणायच्या. मला वाटायचं, बाईचा जीव एवढ्या सालांसाठी तुटतोय. हावरटपणालाही काही मर्यादा असते, असंही मी मनात म्हणून घेतलं होतं.

पुढे अमेरिकेत कसलासा बाजार कोसळला आणि त्याखाली हिंजवडीतला मी सापडलो. नोकरी गेली. घरी कळवलं नाही. शेजारच्या खोल्यांत नाइट शिफ्ट लागल्याचं सांगून दिवसभर पडून राहू लागलो. चौथ्या दिवशी मावशींनी पाच नंबरचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. बाकीचे बसला पळेपर्यंत त्या थांबल्या.

"समदी चहापत्तीच हाय. साल न्हाई, देठ न्हाई."

"नाइट शिफ्ट आहे, मावशी."

"नाइट शिफ्टवाल्याच्या बादलीत अंड्याची टरफलं असत्यात. नोकरी गेली का?"

मी मान हलवली.

"उद्यापासनं खुराडं तू ढकलायचं. आन दुपारी माज्याकडं जेवायचं."

"अहो, तुम्हाला कशाला उगाच..."

"मातीला उपाशी ठिवत न्हाई मी. तुला ठिवीन व्हय?"

मला रडू आलं. ते मी गाईच्या आडोशाला जाऊन आवरलं. गाईने माझा शर्ट चघळला.

तीन महिने मी खुराडं ढकललं, शेण काढलं, शेळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. एकदा गोठ्यात पाणी काढायला म्हणून खिळ्याला टांगलेली बादली घ्यायला गेलो, तर मावशी कडाडल्या, "तिला हात लावू नको."

बादली कोरी करकरीत होती. तिच्यावर एकचा आकडा होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आमच्या सहा बादल्यांचे नंबर दोनपासून सात होते. चुका शोधणाऱ्या माणसाला हे कळायला दीड वर्ष लागलं.

मावशींनी बांधापलीकडच्या टॉवरकडे बोट केलं. "सहाव्या मजल्यावर हिरवा पडदा हाय न्हवं? माजा दत्ता ऱ्हातो तिथं."

दत्ता त्यांचा एकुलता एक मुलगा. वाटणीची जमीन त्याने बिल्डरला दिली, तिच्यावरच तो टॉवर उभा राहिला. आईनेही आपली जमीन बिल्डरला द्यावी, असा त्याचा हट्ट होता. ती नाही म्हणाली. "मग बस शेणात," असं तो बोलून गेला, आणि "माज्या दारात पाऊल ठिवू नको," असं मावशी. त्याला दोन वर्षं झाली होती.

"परक्या पोरांचं समदं कळतं मला," मावशी म्हणाल्या. "त्यो काय खातो, बरा हाय का आजारी, कायबी कळत न्हाई. त्याची तेवढी बादली येत न्हाई. ट्रॅक्टर घिऊन जातो."

हावरटपणाचा शब्द मी मनातल्या मनात मागे घेतला. मला माझीच लाज वाटली.

नवी नोकरी लागली त्या दिवशी संध्याकाळी मी एक रिकामी बादली घेऊन सहाव्या मजल्यावर गेलो. बनियनवरच्या दांडग्या माणसाने दार उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, बादलीकडे पाहिलं.

"आईनं पाठवलं?"

"नाही. त्यांना ठाऊक नाही."

त्याने बादली घेतली आणि दार लावलं. पुण्याच्या आसपास दीड वर्ष काढलेल्या माणसाला तोंडावर दार लागण्याचं विशेष काही वाटत नाही. सकाळी गेलो तर उंबऱ्याबाहेर भरलेली बादली होती.

ती मी रांगेत शेवटी ठेवली आणि खुराड्याशी उगाच खुडबुड करत राहिलो. सगळे निकाल लावून मावशी तिच्यापाशी आल्या.

"ही कुनाची? नंबर न्हाई."

त्यांनी झाकण काढलं, आत हात घातला. कारल्याच्या बिया. मेथीच्या काड्या. दुधीची सालं. मूठभर जांभळाच्या बिया. त्या खालपर्यंत चाचपत गेल्या.

"येक आंब्याची कोय न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "साखर झाली ह्याला. बापाला झाली व्हती तशीच. लहानपनी ताटात कारलं दिसलं की उठून पळायचा."

त्या उठून गोठ्यात गेल्या. खिळ्याची बादली काढली, स्वच्छ होती तरी पदराने पुसली. वेलावरची कोवळी कारली तोडून तिच्यात भरली आणि वरून फडकं झाकलं.

"ही नेऊन दे."

"काय सांगू?"

"सकाळी सातला गोठ्याम्होरं आनून ठिवायची म्हनावं. समद्यांना हाय तोच नियम."

दुसऱ्या दिवशी मी पाच नंबर घेऊन गेलो, तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे एक नंबरची बादली होती. ती मी आणलेली नव्हती. साडेसातला ट्रॅक्टर आला आणि गेला. मावशी बांधावर गेल्या नाहीत.